साडूच्या कपाटातली बाटली

३ एप्रिल, गुरुवार
मोहनरावांची मोटार बघितली. त्यांच्या आजोबांची, १९२८ सालची. इंजिन पुण्याहून नीट होऊन आलंय. राहिली चासी. स्प्रिंगचे पाटे, पिना, सांधे, सगळं कोरडं ठाक, ढकललं तरी कुरकुरतंय. अठराला त्यांच्या लेकीची, प्रियदर्शनीची वरात ह्याच मोटारीतून. जो चासीला बरोबर तेल निवडंल तोच ती चालवणार, म्हणाले. मांजरसुंब्यात चासी कळणारा मी एकटा. तरी हरिओमला बोलावलंय. कावून? साडू हाय म्हणून गप बसतो. त्यानं माझ्या गॅरेजसमोरच गॅरेज टाकलं, तर नारळ फोडायला सासरा हजर! माझ्या वेळी त्याला ताप आलता.

४ एप्रिल
टेस्ट घेतली. सायंटिफिक. भर उन्हात तिरक्या पत्र्यावर सात तेलांचे थेंब. पळालं ते बाद. गियरचं जाड तेल फर्स्ट. विषय संपला.

संध्याकाळी पाच
हरिओमच्या पत्र्यावरही तेच फर्स्ट. आता मला बदलणं आलं. लोक म्हणतील बंकटनं कॉपी मारली.

६ एप्रिल
साडूच्या कपाटात बाटली हाय. लेबल न्हाई. रोज दुपारी एकला काढतो, पुसून परत ठेवतो. लई जपतो. म्हणजे गियरचं तेल नुसतं दाखवायला. तो चहाला गेला तसं बोट बुडवलं. करडी! घाण्याची! पूर्वी मोटारीत एरंडेल घालायचे, ऐकून होतो. मग करडी का न्हाई? साडूचं डोकं चालतं. आपलं पळतं.

७ एप्रिल, सकाळी सहा
साडूच्या आधी जाऊन सांध्यासांध्यात करडी सोडली. घरातला सगळा डबा. उज्ज्वलानं विचारलं, भाजी कशात करू? म्हणलं, पाण्यात कर. स्टेअरिंग लोण्यावानी फिरलं. मोहनराव म्हणाले, बंकट, तूच चालवायची. मी आता फेटा शिवाजी पुतळ्याजवळ बांधून घेणार.

१५ एप्रिल
स्टेअरिंग फिरंना. आठ दिवस उन्हात उभी, सांध्यात नुसता डिंक. मोटारीतच दोष असणार. उज्ज्वला म्हणाली, करडीचा डबा बाहेरून कसा चिकट होतो, बाईमाणसाला तर इचारायचं. म्हणलं, आधी सांगायचं. म्हणाली, मोटारीत घालताय हे तरी कुठं बोललात?

१६ एप्रिल
हरिओमनं सगळं रॉकेलनं धुतलं. गियरचं तेल घातलं. शेवटी मी त्या बाटलीचं विचारलंच. म्हणाला, साडूबुवा, ती ठेच्यावर घ्यायला ठेवलीय.

वर त्यानंच मोहनरावांना सांगितलं, हे तेल बंकटरावांनीच आधी निवडलं होतं. एवढं चांगलं वागायची काय गरज होती? चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८ एप्रिल
वरात. स्टेअरिंगवर हरिओम, गुलाबी फेटा. शेजारी सासरा! मोहनराव मला मागं बस म्हणाले. पोट दुखतंय म्हणलं, रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. बँड थांबला तेवढ्यात मोटार समोरून गेली. लई कान दिला. एकदाबी कुरकुरली न्हाई.