दिवे आमचे, ओटीपी हिचा

१ डिसेंबर, रविवार
ही आज सकाळी बहिणीकडे गेली. चार दिवसांसाठी. (चार दिवस असं ती म्हणाली नाही, पण बॅग लहान होती.) निघण्याआधी माळ्यावरून रंगीत दिव्यांचा खोका काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, गेल्या वर्षी आणलेत, कधी लावणार? मी म्हणालो, रविवारी. ती म्हणाली, आज रविवारच आहे. मला हसू आलं. तिला नाही आलं.

रंग बदलणारे दिवे. दहा मीटरची पट्टी, तिला जोडायची एक डबी, बाकी सगळं फोनवरून. सोळा लाख रंग असं खोक्यावर लिहिलंय. वर्षअखेरच्या सुट्ट्यांना गल्लीत घरोघरी रोषणाई असते आणि मध्ये आमची बाल्कनी काळीकुट्ट, पडलेल्या दातासारखी. मेहुणी दोन गल्ल्या सोडून चौथ्या मजल्यावर राहते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची बाल्कनी सरळ समोर दिसते. म्हणजे ही रोज बघणार.

संकल्प : सुट्ट्या २४ला लागतात. त्याआधी बाल्कनी अशी उजळवायची की हिने चप्पल न घालता धावत आलं पाहिजे.

२ डिसेंबर
ऑफिस. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बावीस वर्षं बसलोय. माणसं ओरडून जातात, मी एकदाही आवाज चढवलेला नाही. ‘नोंद घेतली आहे’ म्हटलं की निम्मे गार होतात. घरी हेच म्हटलं की ही पेटते. एकेकाचा स्वभाव.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डबा का नाही विचारलं. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ही तिच्या मदतीला गेली आहे, असं सांगितलं. सुचलं पटकन. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनाही तेच सांगितलं. त्यांनी कुठला गुडघा विचारलं. डावा.

४ डिसेंबर, संध्याकाळी ६
फोनवर ॲप घेतलं. ॲप म्हणतं, या दिव्यांचं खातं आधीच आहे. हिच्या नंबरावर! आणले त्या दिवशी हिने इथेच टेबलावर लावून पाहिले होते, तेव्हा उघडलं असणार. आत जायचं तर ओटीपी लागतो आणि ओटीपी हिच्या फोनवर जातो. घोडं अडलं.

आधी तिने फोन करायचा असं माझं ठरलं होतं. पण हे तांत्रिक काम आहे. यात मानापमान येत नाही.

६.४०. केला. सहाव्या रिंगला उचलला. म्हणालो, ओटीपी आलाय का. कसला म्हणाली. दिव्यांचा म्हणालो. मग सहा आकडे सांगितले आणि जेवलात का विचारलं.

जेवलात का! चार दिवसांत पाघळली. २४ कशाला, ८लाच येते बघ.

६.५०. आनंदाच्या भरात आकडे लिहून घ्यायचे राहिले. पुन्हा फोन. या वेळी जेवणाचं विचारलं नाही. दहा मिनिटांत दोनदा कोण विचारतं?

५ डिसेंबर
ॲपला वायफाय सापडत नाही. उद्या.

६ डिसेंबर
ॲपला हळू चालणारं वायफाय लागतं, आमचं वेगवान आहे. इतक्या वर्षांत आमच्या घरातली एखादी गोष्ट वेगवान असल्याची तक्रार प्रथमच आली. नोंद घेतली.

८ डिसेंबर, रविवार
ठरल्याप्रमाणे रविवारी काम सुरू. हिने हे बघायला हवं होतं. (बघतही असेल. खिडकीत काहीतरी निळं हललं. साडी किंवा बादली.)

बाल्कनीच्या कठड्याला पट्टी चिकटवली. मागचा कागद काढायचा आणि दाबायचं, इतकं सोपं. शेवटच्या टोकाला पोचलो तेव्हा पहिलं टोक सुटलं होतं. पुन्हा दाबलं. मधलं सुटलं. हेडमास्तर वरून म्हणाले, आधी ओल्या फडक्याने धूळ पुसायची असते. मी म्हणालो, कठडाच खराब आहे. ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. माणूस नोकरीतून सुटतो, सवयीतून नाही.

पट्टी दीड मीटर जास्त झाली. कात्रीने कापली. उरलेला तुकडा गुंडाळून खोक्यात टाकताना पाहिलं, तर त्यालाच प्लग.

कापायचं ते दुसरं टोक होतं.

ही आली नाही. बरंच झालं, घर आवरलेलं नाही.

९ डिसेंबर
विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हणालो, माझ्या एका मित्राने प्लगचं टोक कापलंय. त्याने जोडणीची चिमटी दिली आणि म्हणाला, मित्राला सांगा पट्टीवरच्या बाणासमोर बाण आला पाहिजे.

रात्रीच्या जेवणाला ब्रेड आणि अंडं. सलग नववा दिवस. मला मुळात ब्रेड-अंडं आवडतं.

१० डिसेंबर, संध्याकाळी ७.१५
लागले! निळे. मग जांभळे. मग एक रंग ज्याला नाव नाही. मी बाल्कनीत उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच, पण जोरात.

हिला सांगायला फोन उचलला. पण नुसतं सांगायला फोन करणं बरं दिसत नाही. तेवढ्यात ॲपमध्ये ‘लॉगआउट’ असं बटण दिसलं. सुरक्षिततेच्या दृष्टीने रोज लॉगआउट करणं चांगलंच. केलं. मग आत जायला ओटीपी लागला. मग फोन करावाच लागला.

आकडे सांगितले. मी म्हणालो, दिसले का. ती म्हणाली, दिसले. मी म्हणालो, कसे आहेत. ती म्हणाली, एक कोपरा लोंबतोय.

लोंबतोय! म्हणजे निरखून पाहिलंय.

११ डिसेंबर
कोपरा चिकटवला. लॉगआउट. ओटीपी. ‘सर्दी झालीय का’ असं विचारलं. नाही झालेली. उद्या होईल तर बरं.

सकाळी बसस्टॉपवर मेहुणी दिसली. बस सुटत होती, तिने धावत जाऊन पकडली. एका उडीत आत. डाव्या गुडघ्याची प्रगती समाधानकारक आहे. या हिशेबाने ही आठवड्याभरात मोकळी होते.

१२ डिसेंबर
लॉगआउट. ओटीपी. आज नुसते आकडे, मेसेजने. फोन चार्जिंगला असेल.

१३ डिसेंबर
आज दोनदा लॉगआउट झालं. (केलं.) पहिल्यांदा आकडे. दुसऱ्यांदा आकडे आणि पुढे पूर्णविराम. आधी पूर्णविराम देत नव्हती. चांगलं की वाईट ते कळत नाही. दुपारभर त्यावर विचार केला आणि खिडकीवर एका माणसाला त्याच्या नळाऐवजी शेजाऱ्याच्या नळाची पावती दिली.

१४ डिसेंबर, संध्याकाळी ७
दिव्यांच्या डबीला माइक आहे असं आज कळलं. ‘संगीत’ असा प्रकार निवडला की आवाजाबरोबर दिवे पेटतात, आवाज थांबला की विझतात. मी खोकलो, कठडा लाल झाला. शिंकलो, हिरवा. मजा आहे.

हिच्याशी काय बोलायचं त्याची तयारी करायला बाल्कनी बरी. खाली आवाज जात नाही. वाक्यं दोनच ठरवलीत. पहिलं : घरात तुझ्यावाचून करमत नाही. ते चांगलं आलं, पूर्ण कठडा उजळला. दुसरं : माझं चुकलं. ते म्हणायला तोंड उघडलं की तहान लागते. पाणी पिऊन आलो. पुन्हा उभा राहिलो. पुन्हा पहिलंच वाक्य म्हणालो. एकूण चौदा वेळा पहिलं वाक्य झालं. दुसऱ्याचा सराव उद्या.

१५ डिसेंबर, रविवार
हेडमास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, काल तुमचे दिवे थोडा वेळ लागायचे आणि मग बराच वेळ अंधार. कुठेतरी कनेक्शन सैल आहे. मी म्हणालो, हो, बघतो.

दुपारी मेहुणीचा फोन. तुमच्या दिव्यांना फेफरं आलंय का, पोलिसांची गाडी उभी आहे असं वाटलं म्हणे. मागून हिचा आवाज आला, असू दे गं, नको बोलूस त्यांना. माझी बाजू घेतली! बहिणीसमोर! हे साधं नाही.

मेहुणीला गुडघा कसा आहे विचारलं. ती म्हणाली, कुणाचा?

१७ डिसेंबर
लेकीचा हॉस्टेलवरून फोन. २२ला येतेय. कुठे उतरणार विचारलं नाही. घर असताना असं विचारतात का? तिची खोली झाडली. पलंगाखाली माझा हरवलेला चष्मा, दोन वर्षांपूर्वीचा. त्या चष्म्यासाठी मी हिला नको नको ते बोललो होतो.

चष्मा परत पलंगाखाली ठेवला.

१८ डिसेंबर, संध्याकाळी ८
आज सकाळपासून सहा वेळा ओटीपी. सहाव्यांदा तिने स्वतः फोन केला. तिने स्वतः!

म्हणाली, इतक्या वेळा बाहेर कसं पडतंय ते? मी म्हणालो, सिस्टिमचा प्रॉब्लेम. ती म्हणाली, गेल्या वर्षी टेबलावर मांडले तेव्हा एकदाही नाही पडलं. आठवतंय का? मी किती हौसेने लावले होते. टीव्हीवर उजेड पडतो, बंद कर ते, म्हणालात. मी बंद केले, खोक्यात भरले, आणि तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत.

मला असं काही आठवत नाही.

(आठवतं. बातम्या चालू होत्या. कसल्या ते आठवत नाही.)

दुसरं वाक्य बोलायची हीच वेळ होती. तोंडापर्यंत आलं होतं, देवाशपथ. आणि मी म्हणालो, तुझ्या म्हणण्याची नोंद घेतली आहे.

फोन ठेवला तिने. रेंज गेली असेल. रेंज नव्हती गेली.

१९ डिसेंबर
लॉगआउट केलं नाही. दिवसभर. सुट्टी टाकली होती, कारण ‘डावा गुडघा’ असं लिहिलं. संध्याकाळी दिवे लावले, पांढरे, साधे. समोरच्या खिडकीचा पडदा ओढलेला. थंडी आहे म्हणून ओढतात लोक.

२० डिसेंबर
दुसरं वाक्य आज आरशासमोर म्हणून पाहिलं. जमलं. मग कपाटासमोर, मग बंद दारासमोर. आता न अडखळता येतं. तेवढ्याच जोरावर लॉगआउट केलं आणि फोन लावला.

उचलला नाही. मेसेज आला, सहा आकडे.

मेसेजनेच ‘माझं चुकलं’ असं टाइप केलं. मग वाटलं, अशी गोष्ट समोर उभं राहूनच म्हणावी. खोडलं. ‘मिळाला, आभारी आहे’ असं पाठवलं.

मी गाढव आहे. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

२२ डिसेंबर, रविवार
लेक आली. बॅग मावशीकडे टाकून आली. तिथे लिफ्ट आहे, साहजिक आहे. आमच्याकडे येताना फक्त फोन आणि चार्जर.

बाल्कनी पाहिली. पट्टी उतरवली, कठडा ओल्या फडक्याने पुसला, पुन्हा लावली. एकही कोपरा सुटत नाही की लोंबत नाही. रोज साडेसहाला आपोआप लागतील आणि दहाला विझतील असं करून दिलं. पंधरा मिनिटं लागली सगळ्याला. मला बावीस दिवस.

मग म्हणाली, बाबा, तुझा फोन दे. कशाला विचारलं. म्हणाली, खातं तुझ्या नंबरावर करते. मी म्हणालो, घाई नाही, आहे तसं चाललंय उत्तम. ती म्हणाली, आईनेच सांगितलंय. रोज रोज तिला नको ते. मी म्हणालो, नंबर बदलायला तिचा ओटीपी लागेल, तिला फोन करावा लागेल, मी करतो. लेक म्हणाली, तिचा फोनच घेऊन आलेय.

मी विचारलं, मावशीचा गुडघा बरा झाला की येईल ना ती? लेक माझ्या शेजारी बसली. म्हणाली, बाबा, मावशीच्या गुडघ्याला काही झालेलं नाही.

म्हणालो, मला माहीत आहे.

मग तिने सांगितलं, आई आता तिकडेच राहणार आहे. जानेवारीत येऊन तिचे कपडे आणि शिलाई मशीन नेईल. भांडण नाही, राग नाही, तुला असं सांग म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं. रागाचं काय करायचं ते मला बावीस वर्षं माहीत आहे.

लेकीला ब्रेड-अंडं करून दिलं. तिने सगळं खाल्लं. जाताना म्हणाली, दिवे सुंदर दिसतायत.

२४ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०
सुट्ट्या लागल्या. बरोबर साडेसहाला दिवे आपोआप लागले. मला काहीच करावं लागलं नाही. गल्लीतली माणसं खाली थांबून बघतायत. हेडमास्तर वरून म्हणाले, कनेक्शन आता घट्ट झालं बरं का.

७.१०. लॉगआउट करून पाहिलं. सहज. पुन्हा आत जायला नंबर टाकला, फोन स्वयंपाकघरात ठेवून बाल्कनीत आलो, तेवढ्यात तो वाजला. धावत गेलो, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला.

माझाच ओटीपी होता.

आकडे टाकले. दिवे चालूच होते.