बंदर मी दाखवणार

गुरुवार, ११ सप्टेंबर
उद्या सिल्के येते आहे, म्युनिकहून. सोबत जावई कोर्बिनियान आणि नात फ्रोनी, वय सात. शनिवारी त्यांना बंदर दाखवायचं. मीच दाखवणार. चौतीस वर्षं हाम्बुर्ग बंदराच्या कचेरीत काढली आहेत. काही नतद्रष्ट म्हणतात, उवेने तिसऱ्या मजल्यावर नुसत्या फायली लावल्या. मग फायलींत काय होतं? बंदरच की.

खरा बेत वेगळा आहे. नऊ वर्षं पोरगी त्या डोंगरातल्या लोकांत कुजते आहे. एकदा बंदर नीट समजावून सांगितलं की परत यायचं नाव काढेल. आमच्या वरचा मजला रिकामा आहे. विषय तिनेच काढायचा. मी लगेच हो म्हणणार नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
यादी तयार. अकरा ठिकाणं, नऊ ते सहा. माहिती मी देणार. लाँचमध्ये भोंगा घेऊन ओरडणारे गाईड वर्ज्य. बायको, गेझा, म्हणाली, फ्रोनीला लाँचच आवडेल. गेझाला बंदरातलं काय कळतंय. तिचे वडील टगबोटीवर कप्तान होते, एवढंच.

संध्याकाळी मंडळी आली. जावयाने चीज आणलंय, जसं काही आमच्याकडे गाई नसतात. जेवताना सिल्के म्हणाली, "बाबा, तुझ्याशी जरा बोलायचंय." म्हटलं, उद्या. आधी यादी वाचून दाखवली. दोनदा, कारण पहिल्यांदा कोणी लक्ष दिलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर
सकाळी ९.४०. अजून घरातच. जावई न्याहारीला बसला की उठत नाही. पहिली तीन ठिकाणं रद्द. दोष कोणाचा, हे सगळ्यांना सांगून झालं.

१०.५०. एल्बे नदीखालचा जुना बोगदा. बांधकाम पहिल्यापासून सांगायला घेतलं. फ्रोनी मध्येच, "आजोबा, आत्ता आपल्या डोक्यावर मासे आहेत का?" म्हटलं, प्रश्न शेवटी. तर ती भिंतीतल्या टाइलांवरचे मासे मोजत पुढे निघून गेली. शिस्त नाही. जावई म्हणाला, "उवे, जरा श्वास तरी घे." त्याच्या गावी नदीला गुडघाभर पाणी.

११.३०. पलीकडच्या काठावर. इथून अख्खं शहर दिसतं. सिल्के कठड्याला टेकून उभी. डोळे ओले. वारा फार होता. म्हणाली, "हे मी विसरलेच होते रे बाबा." म्हटलं, विसरणारच, म्हणून तर सांगतोय, आणि डावीकडून सुरुवात केली. तिने सुरू केलं, "बाबा, कोर्बिनियानला इथे..." त्याला इथे गार वाजत असणार. म्हटलं, टोपी घाल म्हणावं. मग चर्चच्या मनोऱ्याकडे वळलो.

१२.४५. परत अलीकडे येऊन नेहमीची फेरीबोट पकडली. शहाणी माणसं हीच घेतात. वरच्या डेकवर उभं राहून समजावलं: समोरून येणाऱ्या जहाजात ब्राझीलची कॉफी आहे. मागची एक बाई म्हणाली, "रेती आहे. दिसतेय की." दिसतं त्यावर बंदर चालत नाही, बाई.

१.१५. किंचित अस्वस्थ. हेरिंग मासळीच्या पावातला कांदा शिळा असावा. लाटांशी संबंध नाही.

१.३०. कांदाच. जावयाने पिशवी धरली. एका हाताने माझं कपाळही धरलं. मी सांगितलं नव्हतं. फ्रोनीने आजीला विचारलं, आजोबा कचेरीतपण उलट्या करायचे का. गेझा म्हणाली, "नाही गं, तिथे जमीन हलत नव्हती."

३.२०. धक्क्यावर बाकावर बसलोय. बाकीचे लाँचमध्ये गेले. मी परवानगी दिली. त्यांचं हसणं इथपर्यंत येतंय. जावई कशालाही हसतो.

४.३०. परत आले. गाईड म्हातारा निघाला, गेझाच्या वडिलांना ओळखणारा. त्याने गेझाला त्यांच्या गोष्टी सांगायला लावल्या आणि फ्रोनीला भोंगा वाजवू दिला. पाचदा. याला शिक्षण म्हणत असावेत. फ्रोनीची परीक्षा घेतली. क्रेन, गोदी, टग, सगळं बरोबर सांगितलं. पोपटपंची. फाइल म्हणजे काय, ते विचारल्यावर गप्प.

६.१०. घरी. उरलेली सहा ठिकाणं सोफ्यावर बसवून, नकाशा पसरून तोंडी सांगितली. जावई झोपला. सिल्के त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाबा, राहू दे आता." म्हटलं, दोनच राहिलीत. एकंदर दिवस यशस्वी. उद्या विचारेल.

रविवार, १४ सप्टेंबर
११.१५. स्टेशनवर. गाडी गेली. सिल्केने निघताना बराच वेळ मिठी मारली. विचारलं मात्र नाही. संकोच. म्युनिकमध्ये राहून माणसं अशी घुमी होतात. जावयाने हात मिळवला आणि म्हणाला, "तब्येतीला जप." त्याला कोणी विचारलं होतं?

१२.३०. गेझाने घरी येताना बसमध्ये सांगितलं. कोर्बिनियानला इथे नोकरी मिळत होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. दोघांनी फ्रोनीसाठी शाळासुद्धा बघून ठेवली होती. आम्हाला तेच सांगायला आले होते. आज न्याहारीआधी त्यांचं ठरलं. नको.

विचारलं, का नको? बंदर आवडलं नाही?

म्हणाली, बंदर फार आवडलं. पण सिल्के म्हणाली, "आई, मग दर रविवारी असंच असणार."

२.००. असंच म्हणजे कसं, हे विचारायला दोनदा स्वयंपाकघरात गेलो. दोन्ही वेळा गेझा बटाटे सोलत राहिली. तिसऱ्यांदा सुरी खाली ठेवली. म्हणाली, "बस. सांगते. पण मी बोलत असताना मध्ये बोलू नकोस."

बसलो. तिच्या पहिल्याच वाक्यात दोन चुका होत्या. त्या दुरुस्त केल्या.

ती बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालते आहे.