एडा प्लमट्रीची पायरी

मी, हेस्टर मॉड प्लमट्री, वय वर्षे ब्याऐंशी, अविवाहित, धंदा पूर्वी खोगीर-शिवण, राहणार ७, पंप लेन, मार्ल्सबी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. 'तुमची स्मरणशक्ती जरा जास्तच चांगली आहे,' असेही ते म्हणाले, पण ते दाखल्यात लिहायला तयार झाले नाहीत. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे राहते घर, सामानासकट, माझी भाची फिलिपा हिला द्यावे. दर रविवारी ती येते आणि न सांगता कोळसा आत आणून ठेवते. मागच्या खोलीचे छप्पर गळते हे तिला माहीत आहे.

२. बँकेतली शिल्लकही तिलाच. पैकी माझ्या अंत्यविधीला लागेल ते आधी बाजूला काढावे. नंतरच्या जेवणाचे हॅम चांगल्या दुकानातून आणावे. चर्चच्या बायकांचे ओले सँडविच माझ्या नावावर कोणी खाऊ नयेत.

३. माझ्या आऱ्या, दाभणे, लाकडी शिकंजा आणि मेणाचा गोळा हे सगळे शेजारच्या बर्नार्ड लोड्स यांना द्यावे. मी एकतीस वर्षे खोगिरे शिवली. माझी हत्यारे नेऊन धार लावून परत करणारा हा एकच माणूस मला भेटला.

४. माझा चुलतभाऊ विल्फ्रेड याला अंड्यांचा एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका द्यावा. 'सहा अंड्यांची ती गोष्ट, हेस्टर, सोड की आता,' असे तो गेली पन्नास वर्षे म्हणतो आहे. त्याच्या आईला कधी कोणी पायरीवरून उठवले नाही.

५. आता ती गोष्ट. वकीलसाहेब म्हणतात की मृत्युपत्रात हिची गरज नाही. मला आहे.

मार्ल्सबीचा बाजार गुरुवारचा. चौकातल्या दगडी क्रॉसच्या चौथऱ्याला सात पायऱ्या आहेत. लोणी आणि अंडी विकणाऱ्या बायका त्यांवर बसत. पायरी आईकडून मुलीकडे जायची. तिचा कागद नसे, पण सगळ्या गावाला ती ठाऊक असे. तिसरी पायरी, पंपाच्या बाजूची, माझ्या आजीची आणि मग माझ्या आईची, एडा प्लमट्रीची. नऊ वाजता बाजाराचे मुकादम हातघंटा वाजवत. त्याआधी कोणी काही विकले तर त्याची जागा गेली, कायमची.

१९३९ सालच्या ईस्टरच्या आदल्या गुरुवारी आई तापाने फणफणली होती. टोपली घेऊन मी गेले. मी दहा वर्षांची होते. नऊला पाच मिनिटे असताना मुकादम गेडनी यांची बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हेस्टर, बाळ, सहा अंडी दे पटकन. माझी बस सुटेल."

"घंटा व्हायचीय, मिसेस गेडनी."

"घंटा काय पळून जातेय? का आईनं शिकवलंच नाही, मोठ्यांना नाही म्हणू नये म्हणून?"

शिकवले होते. आईने तेच तर शिकवले होते. मी सहा अंडी दिली आणि वर 'थँक्यू' म्हणाले. त्याच क्षणी पंपाआडून मुकादम गेडनी बाहेर आले. हातात घड्याळ, चेहरा असा की जणू बँक लुटताना मला धरले आहे.

"नऊला पाच कमी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "ऊठ. पायरी रिकामी कर."

"पण बाईंनीच मागितली. त्यांची बस—"

"ऊठ म्हटलं ना! घंटा व्हायच्या आत."

मी उठले. आजूबाजूच्या बायकांनी माना खाली घालून आपापले लोणी झाकले. मी टोपली घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मागे घंटा वाजली. गेडनींचे घर चौकातच होते, पंपापासून वीस पावलांवर. तिथे जायला बस कशाला लागते, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला. पुढच्या गुरुवारी तिसऱ्या पायरीवर गेडनीबाईंची सख्खी बहीण बसली होती, आणि त्याचे कोणालाच नवल वाटलेले दिसले नाही.

आईने पुढे बारा वर्षे जुन्या बाबागाडीत अंडी घालून तीन गावांत दारोदार विकली. पावसात, बर्फात. मला ती एका शब्दाने बोलली नाही. फक्त गुरुवारी घरी असली की नऊ वाजता हातातले काम ठेवायची आणि चौकातली घंटा थांबेपर्यंत सिंकपाशी उभी राहायची. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचे. अजून लागते. १९५१ साली ती गेली. 'बाजारात लबाडी करणारी बाई' हा शिक्का गावाने तिच्यावरून कधी काढला नाही. लबाडी तिने केली नाही, मीही केली नाही. मी फक्त सभ्यपणे वागले, आणि त्याचा राग मला आजही येतो.

६. घंटा. १९७४ साली बाजार मोटारतळावर हलवला, तेव्हा नगर परिषदेने ही घंटा मोडक्या खुर्च्यांसोबत विक्रीला काढली. मी ती घेतली. पावती मागच्या ड्रॉवरमध्ये आहे. गेल्या वर्षी पर्यटकांसाठी बाजार पुन्हा चौकात आणला, आणि आता घंटा परत हवी म्हणून मुकादमांचे नातू, नगरसेवक नायजेल गेडनी, दुकानातला लिंबाचा केक घेऊन माझ्याकडे आले. पंपावर पाटी लागणार आहे: 'तीन पिढ्या सचोटीचा बाजार राखणारे गेडनी कुटुंब'.

सचोटी!

मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "मिस प्लमट्री, आजी बोलली होती मला त्याबद्दल. तिला वाईट वाटायचं. पण जुन्या गोष्टी किती दिवस उगाळत बसायच्या?"

म्हणजे घरात माहीत होते. बहात्तर वर्षे त्या घरात माहीत होते. केक मी त्यांच्याच हातात परत दिला.

७. म्हणून माझ्या अंत्ययात्रेची व्यवस्था अशी. ती गुरुवारीच काढावी, मग मला कितीही थांबावे लागो. नऊला पंधरा मिनिटे असताना माझी शवपेटी तिसऱ्या पायरीवर, पंपाच्या बाजूला ठेवावी. आईची टोपली वर ठेवावी. फिलिपाने तीत अंडी भरावीत आणि जो कोणी मागेल त्याला घंटेच्या आधीच द्यावीत.

नायजेल गेडनी यांनी तिथे उभे राहून, भर बाजाराला ऐकू जाईल असे, एवढेच म्हणावे: 'एडा प्लमट्रीनं लबाडी केली नव्हती. आमच्या लोकांनी केली.' ते तसे म्हणाले तर नऊ वाजता घंटा त्यांनीच वाजवावी, आणि ती परिषदेला कायमची द्यावी. ते आले नाहीत, किंवा येऊन घसा खाकरत राहिले, तर नऊ वाजता फिलिपाने वाजवावी आणि घंटा माझ्या उजव्या हाताशी पेटीत ठेवून पुरावी.

दोन्हीपैकी काहीही होवो, खांदेकऱ्यांनी तोवर शांत उभे राहावे. पोलीस आले, वाहतूक अडली, पाद्रीसाहेबांना उशीर झाला, तरी मला कोणी हलवू नये. या वेळी घंटा होण्याआधी मी उठणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली. या दोघांना माझ्याकडून काहीही मिळायचे नाही, चहा मात्र झाला.

सही: हेस्टर मॉड प्लमट्री

साक्षीदार:
१. ऑड्री फेन, परिचारिका, चर्च रो, मार्ल्सबी
२. डेन्झिल हार्ग्रेव्ह, पोस्टमास्तर, चौक, मार्ल्सबी

स्थळ: मार्ल्सबी
गुरुवार, दि. १३ ऑक्टोबर २०११, सकाळी नऊला पाच मिनिटे कमी