देणे समजून लपवलेली ऋणपत्रे

प्रति,
मा. लेखापरीक्षक साहेब,
लघुव्यापारी संघ, दतिया गेट, झाशी.

विषय : देण्यात दाखवलेली ऋणपत्रे गुंतवणुकीत घेऊन दिवंगत भागीदाराच्या पत्नीचे नाव परत लावण्याबाबत.
संदर्भ : आपला तपासणी शेरा, दि. २ जुलै १९८६.

महोदय,

१. अर्जदार मार्तंड लघाटे, पत्र्याच्या ट्रंकांचा दुकानदार, हा अर्ज मुद्दाम मराठीत करीत आहे. आपण नागपूरचे. संघाच्या कचेरीतल्या कारकून बाबूजींना मराठी समजत नाही, आणि त्यांना समजलेले संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला समजते.

२. दुकान अर्जदार व त्याचे थोरले बंधू जनार्दन यांच्या निम्म्या भागीत होते. बंधू दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या कपाटात बँकेची मुदत ठेव, राष्ट्रीय बचतपत्रे आणि दुकानाच्या नावावरची, एका कंपनीची हिंदीत छापलेली ऋणपत्रे निघाली. बचतपत्र म्हणजे बचत, हे अर्जदारास कळले; त्याच न्यायाने ऋणपत्र म्हणजे ऋण, असेही कळले. कोणाला विचारावे, तर लघाट्यांच्या घरात कर्ज निघाले ही गोष्ट बाहेर जाणार आणि तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सबब त्याने ती वहीत नुसते देणे म्हणून लिहिली, एका कोऱ्या ट्रंकेत कुलूपबंद केली आणि आपण होऊन कंपनीस मुदत वाढवून मागणारी दोन विनंतीपत्रे धाडली. उत्तर आले नाही, तगादाही आला नाही. यास तो कंपनीचा मोठेपणा समजला.

३. शरमेची खरी बाब पुढेच आहे. बंधूंच्या पत्नी भानुमतीवहिनी हिस्सा मागायला आल्या नव्हत्या. अर्जदारानेच त्यांना समोर बसवून सांगितले, की दादाचे कर्ज त्याच्या हिश्शाहून भारी आहे. त्या म्हणाल्या, "भावजी, मग माझं नाव काढून टाका. तुमच्यावर बोजा नको." अर्जदाराने दादाच्या जागी लागलेले त्यांचे नाव भागीतून काढले. एका शब्दाने अडवले नाही. खरे तर मनातून सुटल्यासारखे वाटले. वहिनी गुरसरायला भावाकडे गेल्या आणि आज तेथे चार घरी स्वयंपाक करतात.

४. आपण तपासणीत त्या देण्याचा कागद मागितलात, ट्रंकेतून काढलेली ऋणपत्रे उलटून पाहिलीत व इथल्या सवयीने हिंदीत म्हणालात, "लघाटेजी, ये तो डिबेंचर हैं। कर्ज आपने लिया नहीं, दिया है। देनदार तो कंपनी है।" आपण हसलात. अर्जदारही हसला, याची त्याला अजून लाज वाटते.

५. तरी ऋणपत्रे गुंतवणुकीत घ्यावीत, निम्मी भानुमतीवहिनींच्या नावे दाखवावीत, दादाच्या भागीवर त्यांचे नाव परत लावावे, आणि तसे आपल्या सहीशिक्क्याने त्यांना कळवावे. अर्जदाराने कळवायचे तर "माझ्यावर विश्वास ठेवा" हे त्याने कोणत्या तोंडाने लिहावे?

६. आणखी एक अडचण आहे. वहिनी दर महिन्याला तीस रुपयांची मनिऑर्डर पाठवतात. कुपनावर "यांच्या कर्जापोटी" एवढेच लिहिलेले असते. कालही आली. पोस्टमन दारात उभा होता, म्हणून अर्जदाराने सही करून ती घेतली. ही रक्कम वहीत कोणत्या सदरात लिहावी, याचे मार्गदर्शन व्हावे.

खाली मानेने,
मार्तंड लघाटे
झाशी, दि. ११ जुलै १९८६

सोबत : ऋणपत्रांच्या छायाप्रती, मनिऑर्डरची सर्व कुपने.