तिसऱ्या खुंट्याची नोंद

मी, बंद झालेल्या मध्यम लहरी रेडिओ केंद्राची शेवटची ट्रान्समीटर इंजिनियर, वय वर्षे एकतीस, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी प्रकृती चांगली आहे. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी बसल्या जागी नाडी मोजली, ती अठ्ठ्याण्णव भरली. पण ते भीतीने, आणि भीतीमुळे मृत्युपत्र बाद होत नाही असे वकिलांना विचारून घेतले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही.

लिहिण्याचे कारण असे. येत्या सोमवारी केंद्राचा बहात्तर मीटर उंचीचा मनोरा उतरवायला घेणार आहेत. मुकादम आणि त्यांचे तीन कामगार वर चढतील. मनोऱ्याची माहिती असलेले कोणीतरी सोबत हवे, म्हणून मीही चढणार आहे. आज शनिवार आहे.

कलम १. राहते घर आई आणि मी यांच्या नावावर निम्मे-निम्मे आहे. माझा हिस्सा आईला द्यावा, तिच्यानंतर धाकट्या भावाला. आई या केंद्राची संध्याकाळची निवेदिका होती. कामाला चालत जाता यावे म्हणून तिने मनोऱ्याजवळचे घर घेतले. मनोऱ्याच्या बुंध्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत एकसष्ट मीटर अंतर आहे. टेपने दोनदा मोजले. बहात्तरातून एकसष्ट गेले की काय उरते ते लिहीत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक आईला. व्यवस्था पाहण्यासाठी धाकट्याला नेमते. तो विसराळू आहे, पण खोटे बोलत नाही. आमच्या घरात हा गुण त्याच्याच वाट्याला आला.

कलम ३. हत्यारे. वडील घड्याळे दुरुस्त करत आणि केंद्राच्या सकाळच्या वेळदर्शक ठोक्यांवर दुकानातली सगळी घड्याळे लावत. त्यांचे बारीक पेचकस भाचीला द्यावेत. तिने खेळणी उघडून पाहिली तर ओरडू नये. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचा संच तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेला. जाडी मोजायचा व्हर्नियर मात्र जो मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही अशालाच द्यावा. असा कोणी सापडला नाही तर माझ्यासोबत जाळून टाकावा. तो जळणार नाही, हे मला माहीत आहे.

कलम ४. केंद्र बंद झाल्यावर मालकांनी भंगारातून मला उचलू दिलेल्या वस्तू: एक मायक्रोफोन, दोन जळलेले व्हॉल्व्ह, छत्तीस वर्षांचे देखभाल रजिस्टर.

या वस्तू कोणी उद्या कचऱ्यात टाकू नयेत, म्हणून केंद्राविषयी थोडे. बियाण्यांचे एक जुने गोदाम घेऊन, भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. एक किलोवॅटचा ट्रान्समीटर होता. कोणती बस रद्द झाली, कोणत्या शाळेला सुट्टी, कोणाची म्हैस कुठे दिसली, कोण वारले, हे सांगणे एवढेच काम. एकदा पुरात बावन्न तास सलग प्रसारण चालले. आई दर पंधरा मिनिटांनी कोणता पूल बंद आहे ते सांगत होती आणि मधल्या वेळात खुर्चीतच झोपत होती. मग लोकांच्या खिशात फोन आले. बस रद्द झाल्याचे त्यांना आमच्याआधी कळू लागले. दोन वर्षांपूर्वी परवान्याचे नूतनीकरण कोणी केले नाही.

शेवटच्या दिवशी आईने निरोप घेतला आणि मायक्रोफोन बंद केला. ट्रान्समीटर बंद करायचे काम माझे होते. मी अकरा मिनिटे ते केले नाही. आवाज नसलेली नुसती लहर जात होती. तेवढ्यात शेजारच्या टेलरबाईंचा फोन आला. "अगं, बोलत कुणीच नाहीये, पण खरखरही नाहीये. चालू आहे ना?" केंद्र बंद असते तर त्यांच्या रेडिओत खरखर आली असती. हा फरक ओळखणारा श्रोता आमच्याकडे निदान एक होता. मी "चालू आहे" म्हणाले आणि बटण दाबले. ती अकरा मिनिटे नोंदवहीत आहेत.

मायक्रोफोन आईला. व्हॉल्व्ह कोणी शोभेला मागितले तरी देऊ नयेत. रजिस्टरविषयी कलम ६ पाहावे.

कलम ५. जुने हिशेब. पहिल्या दिवशी ज्या व्यवस्थापकांनी "मुलगी मनोऱ्यावर चढणार? मग खाली जाळी धरून उभं राहतो," असे सगळ्यांसमोर म्हटले, त्यांना माझ्या अंत्यविधीला बोलवावे, पण बसायला खुर्ची देऊ नये. धाकट्याने वडिलांचा रेडिओ न विचारता एका उपाहारगृहाला सजावटीसाठी दिला. ते मी माफ केलेले नाही. आता तो तिथे फुलदाणीखाली आहे.

कलम ६. हे कलम वेगळ्या पाकिटात घालावे. मी मेल्यावर धाकट्याने ते रजिस्टरासह मुकादमांच्या कंपनीला द्यावे.

मनोरा स्वतःच्या बळावर उभा नाही. त्याला तीन दिशांनी तारांचे ताण आहेत आणि त्या तारा जमिनीतल्या तीन खुंट्यांना बांधल्या आहेत. खुंटा म्हणजे बत्तीस मिलिमीटर जाडीचा लोखंडी दांडा, खाली काँक्रीटमध्ये रोवलेला. दांडा वरून चांगला दिसतो. गंजतो तो मातीखाली. म्हणून वर्षातून एकदा माती खणून, दांडा उघडा करून पाहायचा आणि रजिस्टरात लिहायचे: खणून पाहिले, ठीक.

केंद्राच्या अठराव्या वर्षाची तपासणी झाल्यावर एका पावसाळ्यात आईच्या स्कूटरचे चाक चिखलात रुतले. ती सकाळच्या बदली पाळीला चार मिनिटे उशिरा पोचली. तेव्हाच्या थोरल्या इंजिनियरांनी वाहनांसाठी पत्र्याची शेड बांधली आणि खाली काँक्रीटची फरशी घातली. फरशी तिसऱ्या खुंट्याभोवती आली. त्यानंतर खणायचे तर फरशी फोडावी लागली असती. कोणी फोडली नाही. नोंद मात्र चालू राहिली. थोरल्या इंजिनियरांनी तीन वेळा लिहिले, मिनिटकाकांनी बारा वेळा, मी तीन वेळा. मिनिटकाका म्हणजे माझे गुरू. कार्यक्रम एक मिनिट लांबला तरी काचेवर टकटक करत, म्हणून हे नाव. रजिस्टरातली ओळ कशी लिहायची ते त्यांनीच शिकवले. मी मागची ओळ पाहून पुढची लिहिली.

अठरा नोंदी. एकाही माणसाने पाहिलेले नाही.

तिसरा खुंटा सुटला तर मनोरा त्याच्या विरुद्ध बाजूला पडेल. तिकडे पूर्वी मोकळे रान होते. आता घरांच्या तीन ओळी आहेत. मधली ओळ आमची.

गुरुवारी मुकादमांनी विचारले, "मॅडम, खुंटे बघितलेत ना सगळे?"

मी म्हणाले, "रजिस्टर आहे."

"रजिस्टर आहे म्हटल्यावर मग काय! आमची पोरं डोळे मिटून चढतील."

मी खोटे बोलले नाही. फक्त दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले. सध्या मी रुग्णालयांतली यंत्रे तपासते. ती नोकरी माझ्या सहीच्या भरवशावर आहे. शिवाय मिनिटकाकांच्या बारा सह्यांना या वयात कोणी बोट लावावे असे मला वाटत नाही. सोमवारी माझे काही झाले तर खरे कारण कोणाला तरी कळावे, एवढ्यासाठी हे कलम.

कलम ७. अंत्यविधीत कोणीही चाळीस सेकंदांहून जास्त बोलू नये. आईला हे जमणार नाही. तिला एक मिनिट द्यावे.

कलम ८. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये अशी पद्धत आहे, म्हणून मिनिटकाकांना काही ठेवलेले नाही. त्यांनी रुसू नये.

पुरवणी, रविवार.

आज सकाळी दहा वाजता मिनिटकाका आणि टेलरबाई सही करायला आमच्या घरी आले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी त्यांना सांगितले. टेलरबाईंनी पेन उचलले. मिनिटकाकांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. कलम ६ त्यांनी दोनदा वाचले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. सात मिनिटे लागली.

"हे तू मेल्यावर द्यायचं?" त्यांनी विचारले.

"हो."

"म्हणजे मनोरा पडल्यावर. वा. घर जळाल्यावर विहीर खणणारी माणसं ऐकली होती, तू तर विहिरीचा नकाशा पाकिटात घालून ठेवतेस."

"काका, तुमच्या बारा सह्या आहेत त्यात."

"मोजता येतं मला. खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात. आपण अठरा वर्षं नुसता कागदावर बळकट केला." मग आवाज खाली गेला. "पहिल्या वर्षी मी पहार घेऊन गेलो होतो गं. थोरले म्हणाले, नवी फरशी आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मीच तसं म्हणालो."

टेलरबाईंनी पेन खाली ठेवले. "माझं मशीन मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं शिकलेली माणसं. मला हे आज कळतंय?"



आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सगळे ऐकू आले होते. ती एवढेच म्हणाली, "मग फोडा की फरशी. स्कूटर तर मी कधीच विकली."

मी मुकादमांना फोन केला. तीन वाक्यांत सांगितले. अर्ध्या तासात ते माणसे आणि घण घेऊन आले. मनोरा उतरवण्याची तयारी अजून सुरू झाली नव्हती, ताण जसेच्या तसे होते. तरी फोडताना घण हळू चालवायला लावला आणि तारेला आधीच दुसरा आधार दिला. दुपारी दोनला दांडा उघडा झाला. मी खड्ड्यात उतरून व्हर्नियर लावला. मूळ जाडी बत्तीस मिलिमीटर. सगळ्यात बारीक जागी उरलेली अकरा पूर्णांक चार.

मुकादम खड्ड्याच्या काठावर बसले. "उद्या पहिला मीच चढणार होतो," म्हणाले. पुढे जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. मी ते ऐकून घेतले. मिनिटकाका मध्ये बोलायला लागले तेव्हा त्यांना थांबवले.

सोमवारचे चढणे रद्द झाले आहे. नवा खुंटा रोवून, बाहेरून क्रेन लावून मनोरा उतरवतील आणि त्या दिवशी तिन्ही ओळी रिकाम्या करतील. माझ्या सध्याच्या साहेबांनाही मी दुपारीच कळवले. उद्या अकरा वाजता बोलावले आहे. नोकरी राहील की नाही ते माहीत नाही. नाडी मोजलेली नाही.

कलम ६ मी रेघ मारून रद्द करत आहे, कारण ते माझ्या हयातीतच अमलात आले. रेघ खालचे वाचता येईल अशीच मारली आहे. बाकी मृत्युपत्र कायम. रजिस्टर मुकादमांकडे दिले आहे. त्यातली आजची ओळ माझ्या अक्षरात आहे: तिसरा खुंटा. खणून पाहिले. ठीक नाही.

ठिकाण: आमचे घर, मनोऱ्यापासून एकसष्ट मीटर.
दिनांक: ९ मार्च, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

लिहून देणार: (सही) शेवटची ट्रान्समीटर इंजिनियर

साक्षीदार पहिले: (सही) शेजारी, टेलर. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. क्रेन येईपर्यंत मी मशीन मागच्या खोलीत हलवले आहे.

साक्षीदार दुसरे: (सही) निवृत्त इंजिनियर, त्याच केंद्राचे. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. यापूर्वी बारा वेळा न पाहता सही केली. ही तेरावी, खड्ड्यात उतरून, पाहून.