भावी उपजिल्हाधिकारी

११ ऑगस्ट
सराव पेपरात अर्थशास्त्राने पुन्हा घात केला! उणे गुण. म्हणजे नुसती बसून राहिले असते तर जास्त मिळाले असते.
घरी येताना कात्रपच्या नाक्यावर माझाच फ्लेक्स. 'भावी उपजिल्हाधिकारी जिज्ञासा कमळाकर भोईर यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' वाढदिवस कधीच होऊन गेला, पण बाबा तो उतरवू देत नाहीत. भाजीवाली मला 'मॅडम' म्हणते. पूर्वपरीक्षेत दोनदा आपटलेली मॅडम!

१४ ऑगस्ट
उल्हासनगरला नवा क्लास लावला. मुकेश सर सिंधी — मराठी बोलता बोलता हिंदीत शिरतात. माझा पेपर पाहिला आणि म्हणाले, "येतं तुला सगळं. पण ओळखीचा शब्द दिसला की घाईघाईत गोल काळा करतेस. पर्यायांवर हात ठेव. आधी उत्तर मनात बोल, फिर नीचे देख."
करून पाहिलं. रेपो दर वाढला तर? कर्ज महाग, मागणी कमी. हात काढला — तिथेच होतं!

२ सप्टेंबर
'केवळ', 'नेहमीच', 'कधीही नाही' — असा शब्द असलेल्या पर्यायावर आधी संशय घ्यायचा. मागणीचा प्रश्न आला की कोपऱ्यात छोटी आकृती काढायची. किंमत बदलली तर आपण रेषेवरच सरकतो. उत्पन्न बदललं तर अख्खी रेषा सरकते.
सर म्हणतात, "दोन पर्याय उरले तर ठोक. चारही उरले तर सोड."
सोडणंच जमत नाही. गोल रिकामा ठेवला की वाटतं, बाबा मागे उभे राहून बघतायत.

९ सप्टेंबर
बाबा पाहुण्यांना सांगत होते, पोरीच्या गाडीवर लाल दिवा लागला की आधी गावदेवीला जायचं. ते दिवे केव्हाच बंद झाले. मी फक्त चहा दिला.

२० सप्टेंबर
सरांचा घसा बसला. "जिज्ञासा, आज तू घे."
विषय — मागणीची लवचिकता. विचारलं, मीठ महागलं तर भाजीत कमी घालाल का? मागच्या बाकावरची नेत्रा, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "नाही ना! आणि पनीर महागलं तर आणणारच नाही." वर्ग हसला. तिचं तिलाच कळलं होतं. मी नुसती फळ्यापाशी उभी होते.
तास कधी संपला, मला कळलंच नाही.
घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "हे कोणी सांगितलं करायला? साहेब व्हायचंय तुला, मास्तरीण नाय."

५ ऑक्टोबर
जेवताना हिंमत केली. "बाबा, नाही झालं तर?"
"तसं बोलायचंच नाय."
भांडी घासताना आई हळूच म्हणाली, "मला कोणी इचारला नव्हता, काय व्हायचंय त्ये. तुला तरी कुठं इचारलाय म्हणा."

९ नोव्हेंबर
पूर्वपरीक्षेचा पेपर झाला. पर्याय झाकले, आकृत्या काढल्या. काही प्रश्न सोडले — चक्क सोडले!
बाहेर बाबा शहाळं घेऊन उभे. "कसा गेला?"
"बरा गेला."
त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. नापास व्हायची भीती सवयीची झाली होती. आजची वेगळीच — पास झाले तर? मग मुख्य परीक्षा, मुलाखत, बदल्या... सगळं त्यांचं ठरलेलं. माझ्यासाठी त्यात दारच नाही.

२३ नोव्हेंबर
सरांनी विचारलं, अर्थशास्त्राची बॅच कायमची घेशील का? 'हो' ओठांवर आलं होतं. गिळलं.

१८ डिसेंबर
पास झाले.
बाबा पेढे घेऊन धावत आले. त्यांना दारातच सांगितलं, "मुख्य परीक्षेला मी बसणार नाही. मी शिकवणार आहे. सरांना हो म्हणून आले."
पुडा तसाच हातात. म्हणाले, "नापास झाली असतीस तर समजलो असतो."
"म्हणून तर निकालापर्यंत थांबले होते, बाबा. हरून सोडलं, असं व्हायला नको होतं."
आईने त्यांच्या हातातून पुडा घेतला, सोडला, आणि पहिला पेढा माझ्या तोंडात घातला.