माणूस नसलेला सिनेमा

सावली, ३ डिसेंबर १९५६

आमच्या सौ. सुगंधाचा धाकटा भाऊ गुणवंतराव येऊन थडकला. गेल्या महिन्यात आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. बदल्यात मुंबईनं हा पाठवला. सोबत किल्लीचा कॅमेरा. सिनेमा काढणार — त्यात माणूस नाही! सुपारीनं वरवंट्याला ढकलायचं, वरवंट्यानं मुसळाला. म्हटलं, "एकानं दुसऱ्यावर ढकलायचं? आमच्या कचेरीत रोज चालतं." हसला नाही. कलावंत आहे.

४ डिसेंबर

ओसरीभर भांडी. सुगंधा — "आता सैपाक काय तुह्या कॅमेऱ्यात करू?"

६ डिसेंबर

गुणवंतरावानं माळ्यावरून चैतूचा पाळणा काढला. म्हणे मुसळाच्या धक्क्यानं तो झुलेल, तांब्या कलंडेल, पाणी तुळशीत पडेल.

आमच्या चैतूला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघालेलं नाही. मी साऱ्या जगाची टिंगल छापून आणतो. इथं माझीही दातखीळ बसते.

सुगंधा एवढंच म्हणाली, "रिकामा पाळणा हालवत नाई, गुणवंता." आत गेली. मी म्हटलं, संपलं. तर पायलीभर धान घेऊन परत! पाळण्यात ओतलं, वर चैतूचं दुपटं पांघरलं. "हं. आता हालव."

७ डिसेंबर

फिल्म एका खेपेपुरतीच उरलेली. सुपारी घरंगळली, वरवंटा लोळला, मुसळ पडलं — पाळणा ढिम्म. धान जड झालं. गुणवंतराव रडकुंडीला, तरी डोळा कॅमेऱ्यालाच. आणि पाळणा हळूच झुलला. दुसऱ्या झोक्याला तांब्या कलंडला.

"पाहिलंत भाऊजी? वस्तूंनाही मन असतं!"

मी पाहिलं होतं. दाराआड सुगंधा भाजी निवडत बसलेली. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला — तेव्हा बांधायची तशीच. नजर भाजीवर.

"असतं," म्हटलं.

८ डिसेंबर

गुणवंतराव गेला. पाळणा माळ्यावर चढवायला निघालो.

"राहू द्या खाली. सुकरीले सातवा लागला." सुकरी आमच्याकडे धान कांडायला येते. "तिले देऊन टाकू. दुपटं तेवढं ठेवजा."

मग चुलीकडे तोंड करून — "चैतू बी लाथ मारून तांब्या पाडे, नाई हो?"

"पाडायचा," म्हटलं. "एकदा माझ्या अख्ख्या लेखावर."

"बरं करे."